अनुराधा जगदाळे यांचा पगार

दुपारच्या शांततेत पिठाच्या डब्याचं झाकण खणखणलं. झाकणावर मी माझा मोबाइल ठेवला होता, मुद्दामच. रिंग वाजू दिली असती तर आत्यांची झोप मोडली असती, आणि दुसरीकडं कुठं ठेवला असता तर त्याचं थरथरणं मला ऐकू आलं नसतं. स्टीलच्या झाकणावर तो असा काही नाचला, की माझ्या मांडीवर झोपेचं सोंग घेऊन पडलेली मिठू ताडकन उठून बसली.

"आला का गं पगार?" तिनं विचारलं.

चार वर्षांच्या पोरीनं असं विचारावं, इतका तो शब्द त्या आठवड्यात आमच्या घरात बोलला गेला होता. माझा पहिला पगार होता तो. कराडच्या बाहेर बियाणं तपासणारी एक खासगी प्रयोगशाळा होती, तिथं मी महिनाभर सकाळच्या पाळीला कामाला जात होते. ओल्या कागदाच्या घडीत सोयाबीनचे, भुईमुगाचे दाणे ओळीनं मांडायचे, गुंडाळी करून उभी ठेवायची, आणि पुढं किती उगवले नि किती कुजले ते बघायचं. बीएस्सी करून घरात बसलेल्या मला त्या कामाचा वाससुद्धा आवडायचा. हाताला ओल्या मातीचा नसतो, ओल्या कागदाचा असतो तो वास. मिठू माझी बोटं नाकाशी धरून म्हणायची, आई, तुला शाळेचा वास येतो.

आत्यांनी मला महिन्याची परवानगी दिली होती. सासूबाईंना आमच्याकडं आत्याच म्हणतात. पहिला पगार घरात येऊ दे, मग पुढचं बघू, असं त्या म्हणाल्या होत्या, आणि म्हणताना त्यांचे हात मेथी निवडायचे थांबले नव्हते. म्हणजे त्यांच्या मनात नव्हतं. खासगीवाले राबवून घेतात आणि पगाराच्या दिवशी उद्या या म्हणतात, हे त्यांनी जिन्यात भेटेल त्याला सांगून ठेवलं होतं. तो पगार हातात पडला तर मी कामावर राहणार होते. नाही पडला तर त्यांना एक शब्दही बोलायची गरज उरणार नव्हती. मिठूचं मात्र वेगळंच होतं. चालताना टाचेत लाल दिवे लागतात असे सँडल तिला हवे होते, आणि पगार म्हणजे सँडल एवढाच तिच्या लेखी त्या शब्दाचा अर्थ होता.

मी मेसेज वाचला. चेक वटला होता. पण त्याच ओळीत पुढं लिहिलं होतं, की खात्यावर होल्ड आहे, रक्कम काढता येणार नाही, शाखेत येऊन भेटा. मी तो पुन्हा वाचला. प्रयोगशाळेच्या साहेबांनी चेक दिला, तो वटला, म्हणजे त्यांची काही चूक नव्हती. मग बँकेनं माझे पैसे का धरून ठेवावेत?

"काय झालं?" आत्या हॉलमधून म्हणाल्या. झोपल्या नव्हत्याच त्या.

मी सांगितलं. मला वाटलं होतं त्या म्हणतील, बघ, मी म्हणत नव्हते? पण तसलं काही त्या बोलल्या नाहीत. उठून बसल्या, केसांचा अंबाडा घट्ट केला आणि म्हणाल्या, राहू दे, सुहास जाईल उद्या बँकेत. बँक अजून उघडी आहे, मीच जाऊन येते, असं मी म्हणाले.

"तू कशाला? त्याची ओळख आहे तिथं."

"खातं माझं आहे ना पण, आत्या."

त्यांनी सुहासला फोन लावला. तो ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये कामाला होता, आणि त्या दिवशी पाटणच्या पुढं कुठल्यातरी वाडीत ट्रॅक्टर दाखवायला गेला होता. फोन लागेना. त्या पुन्हा पुन्हा लावत राहिल्या. सुनेनं बँकेची पायरी चढू नये म्हणून किती ती धडपड, असं माझ्या मनात आलं. तोवर मिठूनं चपला घातल्या होत्या, डावी उजव्यात नि उजवी डाव्यात. आम्ही निघालो.

स्कूटीवर मिठू पुढं उभी राहायची, आणि तिचे केस माझ्या हनुवटीला लागायचे. ती मला लग्नातच मिळाली. सुहासचं ते दुसरं लग्न होतं. आधीची बायको तापानं गेली तेव्हा मिठू नुकती बसायला लागली होती. मी आले तेव्हा भिंतीला धरून चालत होती, आणि थोड्याच दिवसांत तिनं भिंत सोडून माझी साडी धरली. तिला यातलं काही सांगायचं नाही, मोठी झाल्यावर बघू, असं घरात ठरलं होतं. आधीच्या बायकोचा विषय निघालाच तर 'आधीची' एवढंच कुणीतरी कुजबुजायचं. तिचा फोटो घरात नव्हता. नाव कुणी घेत नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला ते नकोच होतं. लग्नानंतर लगेच आत्यांनी सोमवार पेठेतलं घर सोडलं आणि आम्ही विद्यानगरच्या फ्लॅटमध्ये आलो. शेजार नवा, वाणी नवा. आता पोरीला तुझी सवय होईल, असं आत्या म्हणाल्या होत्या.

बँक गावातलीच, सहकारी. खातं उघडून महिना झाला होता. तेव्हा काउंटरवर ओंकार पिसाळ नावाचा नवाच लागलेला पोरगा होता. माझं नाव टाकल्या टाकल्या तो खूश होऊन म्हणाला होता, अहो मॅडम, तुम्ही तर आमच्या जुन्याच ग्राहक आहात, नाव आहे, मिस्टरांचं नाव आहे, सगळं जुळतंय. पत्ता तेवढा जुना दिसतोय, आणि जन्मतारीख कुणीतरी चुकीची टाकलीय, दोन्ही दुरुस्त करून टाकतो. मला वाटलं, सुहासनं लग्नानंतर कधीतरी माझ्या नावानं खातं काढून ठेवलं असेल. त्याला अशा गोष्टी बोलून दाखवायची सवय नाही. त्या दिवशी घरी येऊन मी त्याच्या चहात मुद्दाम आलं जास्त घातलं होतं.

तोच ओंकार आज माझं आधारकार्ड हातात धरून बसला. कार्डावरच्या फोटोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग स्क्रीनकडं. पुन्हा माझ्याकडं.

"तुम्हीच ना या?"

"मग कोण?"

तो उठून आत गेला, परत आला, बसला. साहेबांना भेटता का, म्हणाला. कशासाठी ते सांगेना. माझ्यामागं रांग वाढत होती. अगदी पाठीशी एक पेन्शनवाले आजोबा होते, डोक्याला टोपी, काखेत छत्री. ते वैतागले.

"अरे, लेकरू घेऊन आलीय ती बाई. काय असंल ते सांगून टाक की. आम्हालाबी घरं हाईत."

ओंकारनं आवाज खाली केला. पण त्या काचेच्या पलीकडून आवाज खाली करता येतच नाही.

"मॅडम, सिस्टिम तुम्हाला मयत दाखवतेय."

मी हसले. खरंच, मोठ्यानं हसले. मग महिनाभर दाणे कोण मोजत होतं, असं मी त्याला विचारलं. आजोबांनी लगेच पाठून टोला हाणला, की आम्ही म्हातारी माणसं दरसाल हयातीचा दाखला देतो, जिवंत आहोत म्हणून. आता तरण्या पोरींनीबी द्यायचा म्हणा की. सगळी रांग हसली. सगळे हसतायत म्हणून मिठूही हसली, आणि मग तिनं माझी ओढणी ओढली.

"आई, मयत म्हणजे काय?"

"म्हणजे काकांचा कॉम्प्युटर बिघडलाय."

मॅनेजरांचं नाव भोईटे. केबिनमध्ये त्यांनी आधी माफीच मागितली. एका नावाची दोन माणसं असतात, नवीन पोरं बघत नाहीत, आत्ता काढून देतो होल्ड, असं बोलता बोलता त्यांनी स्वतःच्या कॉम्प्युटरवर खातं उघडलं आणि त्यांचं बोलणं अर्ध्यावर राहिलं. त्यांनी वर बघितलं नाही. टेबलावरचा पाण्याचा ग्लास माझ्याकडं सरकवला.

"मिस्टर कधी येऊ शकतील?"

मला राग आला. मी म्हणाले, साहेब, पगार माझा आहे, त्यांचा नाही. आज तो हातात पडला नाही तर उद्यापासून माझं काम बंद होईल. काय चुकलंय ते मला सांगा. ते हातातल्या पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. मग दार थोडं उघडून त्यांनी हाक मारली, शिरगुप्पे मॅडम, जरा येता का?

शिरगुप्पे मॅडम निवृत्तीला आलेल्या होत्या. चष्मा साखळीनं गळ्यात अडकवलेला. त्या आत आल्या आणि त्यांनी मला बघितलंच नाही, आधी मिठूला बघितलं. मिठू टेबलाला दोरीनं बांधलेल्या पेनाशी खेळत होती. मॅडम वाकल्या, तिची हनुवटी दोन बोटांनी उचलली. मिठूच्या हनुवटीला बारीकशी खळी आहे.

"ही अनूची ना?" त्या म्हणाल्या.

"हो, माझीच," मी म्हणाले. मिठूबद्दल कुणी विचारलं की मी हे असं घाईनंच म्हणायची. "मैथिली. घरी मिठू म्हणतो."

त्या माझ्याकडं बघून समजूतदारपणे हसल्या. "तुम्ही सांभाळता होय तिला? बरं झालं. फार वाटायचं हो, कसं होत असेल लेकराचं. तुम्ही कोण जगदाळ्यांच्या?"

"मी अनुराधा. अनुराधा सुहास जगदाळे."

मॅडमनी मॅनेजरांकडं बघितलं. भोईटे टेबलाच्या काचेखालच्या कॅलेंडरकडं बघत होते. मॅडम माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"नाही, बाळा," त्या म्हणाल्या. "अनुराधा जगदाळे गेल्या. मी ओळखत होते ना त्यांना. मयताची नोंद मीच केलीय त्या खात्यावर."

मला आधी वाटलं, वयानं गोंधळ होतोय यांचा. मी तसं म्हणायला तोंडही उघडलं. आणि तेवढ्यात, कुणी बोलावलं नव्हतं तरी, ते ताट माझ्या डोळ्यांसमोर आलं.

लग्नात नाव बदलताना ताटात तांदूळ पसरतात आणि नवऱ्यानं अंगठीच्या टोकानं त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं असतं. माहेरची मी सुवर्णा. शाळेत आमच्या वर्गात तीन सुवर्णा होत्या, त्यामुळं त्या नावाचं मला कौतुक नव्हतं. सुहास अंगठी घेऊन ताटावर वाकला. एक अक्षर लिहून तो थांबला, आणि त्यानं आत्यांकडं बघितलं. आत्यांनी मान हलवली. मग त्यानं बाकीची अक्षरं भराभर ओढली. मी वाकून वाचलं आणि शेजारच्या बायकांना सांगितलं, अनुराधा. त्यांच्या बाजूच्या सगळ्या बायका एकदम गप्प झाल्या. मला वाटलं, नाव आवडलं त्यांना. मला तर फारच आवडलं होतं. मी किराण्याच्या पिशव्यांवर सुद्धा त्याची सही करून बघायची. सुहास अनू म्हणायचा. रोज संध्याकाळी खाली गाडी लावली, की बंद गेटपाशी उभा राहून अनू म्हणून हाक मारायचा, आणि मी गॅलरीतून रुमालात बांधून किल्ली टाकायची. फोन करायचा नाही, हाकच मारायचा. त्या हाकेसाठी मी दुपारपासून केस विंचरून बसलेली असायची.

शिरगुप्पे मॅडम बोलत होत्या. आधीची शिकवण्या घ्यायची, पोरांच्या फीचे पैसे भरायला यायची. रांगेत उभी असली तरी कुणाशीतरी हसत असायची. मिठूच्या वेळी सातवा महिना लागल्यावर मॅडम तिला रांगेत उभं राहू द्यायच्या नाहीत, आत आणून बसवायच्या.

"याच खुर्चीत बसायची," त्या म्हणाल्या.

मी उठले. काही ठरवून नाही. मांडीवरची पर्स खाली पडली, तिच्यातलं सगळं फरशीवर गेलं, आणि मी ते गोळा करायला वाकले. मॅडमनीही माझ्याबरोबर वाकून ते उचललं.

"मी त्यांची दुसरी," मी म्हणाले.

"ते कळलं गं. पण नाव?"

"लग्नात ठेवलं."

मॅडमनी चष्मा काढला आणि नुसताच हातात धरला. मग अगदी हळू त्यांनी मला माझं माहेरचं नाव विचारलं. मी तोंड उघडलं आणि नाव येईना. कुणीतरी दुसऱ्याच बाईचं नाव मला विचारतंय, असं झालं. मग आलं.

"सुवर्णा."

मिठूनं पेन सोडलं आणि ती माझ्याकडं बघायला लागली.

भोईट्यांना कामाचं बोलता आलं तेव्हा बरं वाटलं असावं. त्यांनी सगळं नीट समजावलं. ओंकारनं माझं नवं खातं जुन्या ग्राहकाला जोडून टाकलं होतं, कारण नाव तेच, नवरा तोच, वारस म्हणून लावलेली मुलगी तीच. चेक वटून पैसे आले, सिस्टिमनं बघितलं की ग्राहक हयात नाही, आणि पैसे धरून ठेवले. सिस्टिमनं केलं ते बरोबरच होतं.

"आता तुम्हा दोघींना वेगळं केल्याशिवाय पैसे सुटणार नाहीत," ते म्हणाले.

त्यासाठी अर्ज द्यायचा, लग्नाचा दाखला, शाळेचा दाखला जोडायचा. नाव हेच ठेवायचं की माहेरचं लावायचं, ते माझ्या मनावर. हे ठेवलं तर कागदोपत्री पुन्हा गुंता व्हायची भीती आहे, आणि पैसे कधी सुटतील ते मी सांगू शकत नाही, असं ते म्हणाले. माहेरचं लावलं तर लगेच मोकळं होईल. मी कोरा अर्ज घडी करून पर्समध्ये ठेवला.

शिरगुप्पे मॅडम बाहेरच्या पायरीपर्यंत आल्या. मिठूच्या डोक्यावर हात ठेवून थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या.

"अनूवर राग धरू नका हं," त्या मला म्हणाल्या. "तिला कुठं माहीत होतं."

सँडलच्या दुकानावरूनच रस्ता होता. मिठूनं दुकानाकडं बघितलं, आणि पुन्हा पुढं बघायला लागली. ते सँडल तिला पुढं मिळाले; एक अजूनही माळ्यावर आहे, दुसरा कुठं गेला देवाला ठाऊक. आज मिठू क्लासला गेलीय आणि धाकटा मांडीवर झोपलाय, म्हणून एका हातानं का होईना हे लिहून होतंय. पण त्या दुपारी नदीचा पूल कधी आला, कधी गेला, जिना मी कशी चढले, हे मला आजही आठवत नाही. मिठूचे केस हनुवटीला लागत होते, तेवढं आठवतं. आणि तिची हनुवटी मला दिसत नव्हती, ते बरंच होतं.

आत्या दारातच बसल्या होत्या, मांडीत मेथीची जुडी. माझ्याकडं बघितलं त्यांनी.

"भेटली का ती शिरगुप्पे?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. दुपारपासून त्या फोन लावत बसल्या होत्या, ते ह्यासाठी. मी मिठूला आत पाठवलं. ती गेली, पण स्वयंपाकघराच्या दारापर्यंतच.

"माझं नाव कुणी ठेवलं, आत्या?"

"मी."

त्यांनी नजर चुकवली असती तर मला सोपं गेलं असतं. पण त्या माझ्याकडंच बघत होत्या.

"सुहास नको म्हणत होता. त्याच्यावर राग काढू नको, मी त्याला शपथ घातली. पोरीच्या जन्माच्या दाखल्यावर आईचं नाव अनुराधा आहे. आज ना उद्या तिला शाळेत घालायची. तिथं आईचं नाव विचारतात, आणि पुढं जन्मभर विचारत राहतात. कागदावर एक आई नि दारात दुसरी, असं झालं की कुणीतरी पोरीच्या तोंडावर म्हणणारच, तुझी आई मेली, ही सावत्र. ते मला नको होतं. तिच्यासाठी नको होतं, आणि तुझ्यासाठीबी. घेतलं असतंस सावत्र म्हणून?"

मी घेतलं नसतं. एवढंच तर मला नको होतं. माझीच, माझीच, असं मी बँकेत, बाजारात, बागेत घाईनं सांगत होते, आणि प्रत्येक वेळी माझं नाव माझ्या बाजूनं साक्ष देत होतं.

"मला सांगायचं तरी होतं."

"सांगितलं असतं तर बसली असतीस त्या ताटासमोर?" त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "तुला आवडलं होतं की नाव. सगळ्यांना सांगत होतीस."

मला त्यांना काहीतरी भयंकर बोलायचं होतं. त्याऐवजी मी पर्समधून तो अर्ज काढला आणि सांगितलं, की बँक विचारतेय कुठलं नाव लावायचं. आत्यांनी अर्ज हातात घेतला नाही.

"सुवर्णा लाव. पगार सुटंल, काम चालू ठेव. मी आडवी येणार नाही. पण मग शाळेत काय लिहायचं, नि मिठूला काय सांगायचं, ते तूच ठरव. तूच सांग. मी नाही सांगणार, सुहास नाही सांगणार." त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलला. "आणि नको असंल तर राहू दे तो पगार तिथंच. ती पण माझीच होती गं. तिच्या तोंडात शेवटचं पाणी मी घातलंय. परत ते नाव मोठ्यानं घ्यायला मिळालं, एवढंच मला…"

त्या मेथीची पानं खुडत राहिल्या.

मी गॅलरीत जाऊन बसले. गुडघ्यावर अर्ज ठेवला, पेन काढलं. 'अर्जदाराचे संपूर्ण नाव' ही पहिलीच ओळ. सुवर्णा लिहिलं तर काम माझं, पगार माझा, नाव माझं. आणि मिठूच्या दाखल्यावरची बाई मी नाही, हे माझ्याच हातानं लिहिलेलं. अनुराधा लिहिलं तर मिठू माझी, जोवर कुणी हनुवटीची खळी ओळखत नाही तोवर. ऊन उतरलं. समोरच्या इमारतीतल्या बायका वाळत घातलेले कपडे काढायला लागल्या. मिठू येऊन माझ्या पाठीला पाठ लावून बसली. ती एकदाही सँडल म्हणाली नाही. सारखी बोलणारी पोर एवढी गप्प का, याच्याकडं माझं लक्षच गेलं नाही.

खाली गाडी थांबली. स्टँड लावल्याचा आवाज आला.

"अनू…"

आत मेथी खुडणारे हात थांबले, ते मला ऐकू आलं. मी उठले. किल्ली नेहमीच्या खिळ्यावर होती, रुमाल शेजारी होता. मी दोन्ही हातात घेतलं, आणि कठड्यापाशी जाऊन उभी राहिले. सुहास खाली उभा होता, अंगावर दिवसभराची धूळ, मान वर केलेली. त्याला अजून काही माहीत नव्हतं. मला बघून तो हसला. नेहमी हसतो तसाच. माझ्याकडं बघूनच हसला, असं मी तोवर समजत होते.

"अनू, किल्ली टाक ना."

तो शेवटचा 'नू' तो थोडा लांबवतो. ते लांबवणं माझं, असं मला इतके दिवस वाटत होतं. रुमालाची गाठ मला बांधता येईना.

मिठूनं कठड्याच्या गजांमधून खाली वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं. मग ती वळली, आणि ओल्या कागदाचा वास येणारी माझी बोटं तिनं धरली.

"आई," तिनं विचारलं, "बाबा कुणाला हाक मारतायत?"